ओली वाळू

बाळ जन्माला आलं ते ऐन पाण्याच्या दिवसांत. पाण्याचे दिवस म्हणजे नदीला पाणी होतं असं नव्हे. नदी कधीचीच आटून पलीकडच्या काठाला चिकटली होती आणि मधल्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या पसरल्या होत्या. वेलांना बोराएवढी फळं धरली होती. आता रोज पहाटे प्रत्येक आळ्यात पाणी पडायला हवं होतं, नाही तर दुपारपर्यंत पानं माना टाकणार. बाळंतिणीनं पोटाचा आणि वाडीचा हिशेब बरोबर जमवला होता. पोर आधी होणार, फळ मागून धरणार, मध्ये अंग सावरायला सवड मिळणार. पोरानं उशीर केला आणि वेलांनी घाई केली. दोघांपैकी कुणालाच बोल लावता येईना, म्हणून ती सुईणीवर चिडून बसली.

घर काठावरच होतं. दोन खोल्या, वर पत्रा, मागे न्हाणीचा आडोसा. पत्रा असा तापायचा की दुपारी भिंतीला पाठ टेकवायची सोय नव्हती. नवरा गवंडी. उजाडायच्या आत जेवणाचा डबा घेऊन शहरातल्या बांधकामावर जायचा आणि अंगावर सिमेंट घेऊन परत यायचा. सासूचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. पोरं तीन, आणि हे चौथं. थोरली आठ वर्षांची, पण घरातली अर्धी बाई. मधल्याच्या पायाला भिंगरी. आणि धाकटीची मोठी पंचाईत झाली होती. बाळ आलं आणि तिचं धाकटेपण गेलं. आता तिला काय म्हणायचं हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून ती आईच्या पदराला धरून दिवसभर "मी कोण?" असं विचारत फिरायची, आणि उत्तर मिळालं नाही की बाळाच्या पायाला चिमटा काढायची.

नदीच्या पात्राला मालक नसतो. पूर ओसरला की ज्यानं त्यानं गेल्या साली उभा होता तिथं जाऊन उभं राहायचं, खड्डे खणायचे, खत भरायचं, बी टोचायचं. तंटा झालाच तर एकच गोष्ट पाहिली जायची, पाणी कुणी दिलं. पाणी देईल त्याचं पीक. एकानं वाडी सुकू दिली आणि दुसऱ्यानं पाणी देऊन ती फळाला आणली, तर माल दुसऱ्याचा आणि पुढच्या साली जागाही त्याचीच. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, तरी सगळे पाळायचे.

बाळंतिणीची वाडी तिची स्वतःची होती. लग्न होऊन आली त्या साली कुणालाही नको असलेला कोपरा तिनं धरला. वर हातभर वाळू, खाली सगळा खडक. लोक हसले होते. तिनं डब्यांनी पाणी वाहून तिथं वेल उभे केले. गवंड्याच्या मजुरीत पोट भरायचं. पोरांची शाळा, औषधपाणी, पत्र्याची डागडुजी हे सगळं वाडीवर निघायचं. पण खरं सांगायचं तर पैसा ही नंतरची गोष्ट. जगात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं, म्हणून तिचा त्या वाळूवर जीव होता.

तिच्या खालच्या अंगाला इंजिनवाल्याच्या वाड्या होत्या. बाकीचे लोक वाळूत झरा खणून डब्यांनी पाणी वाहायचे. याच्याकडे डिझेलचं इंजिन होतं आणि लांबलचक पाइप. हँडल मारायचा, विडी पेटवायची आणि पाइपाचं तोंड या आळ्यातून त्या आळ्यात फिरवत जायचं, एवढंच त्याचं काम. माणूस वाईट नव्हता. त्याची दोन्ही पोरं परगावी गेली ती तिकडचीच झाली होती. वाड्या वाढल्या तर पोरं परत येतील असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि मन असं काही घेऊन बसलं की माणूस कुणाचं ऐकत नाही.

एके सकाळी मधला धावत आला. बाळंतीण बाळाला पाजत होती. आपल्या वाडीत इंजिनवाले काका पाणी सोडतायत, आळी कशी काठोकाठ भरलीत, असं तो मोठ्या कौतुकानं सांगत होता. सासू म्हणाली की माणुसकी अजून शिल्लक आहे म्हणायची. बाळंतिणीनं बाळाला तसंच खांद्यावर घेतलं आणि मधल्याला विचारलं, आजच की आधीपासून? रोजच, मधला म्हणाला. बाळ झालं तेव्हापासून रोज.

बाळंतपणापुरतं पहाटे वाडीत जाऊन पाणी द्यायचं काम गवंड्याकडे होतं. संध्याकाळी तो न्हाणीतून बाहेर येईपर्यंत तिनं धीर धरला. मग विचारलं, तर तो टॉवेलनं कान पुसत राहिला. स्लॅबचं काम निघालं होतं. मुकादम अंधारातच बोलवायचा. इंजिनवाला वाटेत भेटला आणि म्हणाला, तू जा, मी बघतो. त्याला वाटलं, शेजारधर्म आहे.

"शेजारधर्म नाही तो," ती म्हणाली. "ताबा आहे."

गवंडी खाली बसला. या वर्षी राहू दे, असं तो हलक्या आवाजात म्हणाला. अंग ओलं आहे, उभं राहिलं तर तुला घेरी येते, एक साल गेलं तर काय बिघडलं, मी दोन तास जास्त काम करीन. हे सगळं तो मनापासून बोलत होता. ती ऐकून घेत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं की पुढच्या वर्षी मी उभी कुठं राहू? नदीचा कायदा त्यालाही ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं जुन्या लुगड्याचा पट्टा कंबरेला करकचून बांधला. बाळाला दुसऱ्या फडक्यात छातीशी घेतलं. थोरलीनं दोन डबे घेतले, मधल्यानं फळांखाली घालायला वाळक्या गवताची पेंढी घेतली, आणि धाकटी कुणी बोलावलं नसताना मागून निघाली. सासू उंबऱ्यात बसून होती.

"तू मेलीस तर ही पलटण मला आवरायची नाही," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"नाही मरत, आत्या. वेळ कुणाला आहे?"

काठावरून वाळूत उतरायची वाट तिनं बसत बसत उतरली. झऱ्याशी पोचेपर्यंत पोटऱ्या थरथरायला लागल्या. पहिला डबा भरून उचलला तेव्हा ओटीपोटात खालून कुणीतरी ओढल्यासारखं झालं आणि मांडीवर गरम ओघळ आला. तिनं डबा खाली ठेवला, दम घेतला आणि निम्मा रिकामा करून परत उचलला. निम्म्या डब्यानं दुप्पट खेपा होतात हे तिला कळत होतं, पण आजच्या दिवशी तेवढाच उचलत होता. थोरली मुकाट्यानं बरोबरीनं वाहत होती. तिच्या कानामागून घाम गळत होता.

इंजिनवाला पाइप खांद्यावर टाकून आला आणि बाळंतिणीला पाहून थबकला. त्यानं विडी विझवली, बाळ होतं म्हणून.

"वहिनी, अशा अंगानं तुम्ही कशाला आलात? मी देतोय की पाणी."

"दिलंत, उपकार झाले, भाऊजी. आता मी आले."

त्यानं वेलांवरून नजर फिरवली. वाडी हिरवीगार होती, आणि ती त्याच्यामुळे होती यात खोटं नव्हतं. "तुम्ही नव्हता तेव्हा हे सगळं जळालं असतं," तो म्हणाला. "डिझेल माझं गेलंय."

ते तिला मान्य होतं. रात्रभर तिनं त्याचाच विचार केला होता. खालच्या ओळी तुम्ही घ्या, ती म्हणाली, तुमच्या बांधाला लागून आहेत, त्यांचं फळ तुमचं. वरची वाडी माझी. तिला वाटलं होतं तो निदान विचार करील. त्यानं मान हलवली.

"पाण्याला वाटणी असते का, वहिनी? पाणी देईल त्याचं पीक. मी काय नवीन बोलतोय का?"

आवाज चढवून बोलला असता तर तिला भांडता आलं असतं. तो समजुतीनं बोलत होता, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. तिनं डबा उचलला आणि पुढच्या आळ्याकडे गेली. तिनं भरलेल्या आळ्यात त्यानं पाइप लावला आणि परत भरलं.

मग रोजचंच झालं. ती झुंजूमुंजू होताना पाणी द्यायची, तो उजाडल्यावर द्यायचा. ती आधी देते असं दिसल्यावर तो लवकर येऊ लागला. तो लवकर येतो म्हटल्यावर ती संध्याकाळी ऊन उतरताच एक फेरी घालू लागली, तर संध्याकाळीही इंजिन धडधडायला लागलं. ज्यानं आधी थांबायचं त्यानं हरायचं, असा मामला होता. वाड्यांवरच्या बायकांना आयती करमणूक झाली. त्यांच्यातल्या निम्म्या तिच्या बाजूनं होत्या आणि निम्म्या इंजिनाच्या, आणि दुपारी सावलीत बसल्या की सगळ्याच तिच्या कंबरेचा पट्टा एकदा पाणी वाहताना कसा सुटला होता ते करून दाखवायच्या.

घराची दशा बघवत नव्हती. डोक्याला तेल नाही, अंथरुणं तशीच पडलेली. मधल्याच्या मानेवर उन्हाचं गळू आलं होतं आणि तो मान वाकडी ठेवून सगळीकडे हिंडत होता. धाकटीनं पुन्हा अंथरूण ओलं करायला सुरुवात केली. सासू चुलीपुढे बसल्या बसल्या भाकऱ्या टाकायची आणि प्रत्येक भाकरीबरोबर एक शिवी इंजिनाला द्यायची. बाळ तेवढं मजेत होतं. आईच्या छातीशी बांधलेलं, डब्याच्या हिंदकळ्यानं झोपायचं आणि घरी आणलं की रडायचं.

एका सकाळी डबा डोक्यावर असताना बाळ रडलं आणि तिला पान्हा फुटला. ब्लाउज भिजला, पदर भिजला. इंजिनवाल्याकडे पाइप ओढायला दोन मजूर होते, त्यातला एक दुसऱ्याला काहीतरी बोलला आणि दोघं खिदळले. इंजिनवाल्यानं त्यांना झापलं, पण झापताना त्याचीही नजर तिकडे जाऊन आली. तिच्या कानशिलांना चटका बसला. डबा टाकून घरी निघून जावं असं तिला वाटलं. ती गेली नाही. तिनं ते पाणी आळ्यात ओतलं, मग त्या दोघांकडे पाठ करून वाळूत बसली आणि बाळाला पाजलं. बाळाचं पोट भरल्यावर उठून राहिलेली आळी भरली. घरी आल्यावर सासूनं विचारलं, डोळे का लाल? वाळू गेली, असं तिनं सांगितलं आणि सासूनं ते खरं धरलं.

फळं नारळाएवढी झाली आणि पानं पिवळी पडायला लागली.

आधी तिला वाटलं ऊन असेल. मग तिनं एका वेलाच्या बुडाशी बोटं घातली. वर कोरडी दिसणारी वाळू वितीवर चिखल झाली होती. तिनं मुळाचं एक टोक ओढलं तर ते हातात आलं, आणि त्याला वास होता. खाली खडक. इंजिनवाल्याच्या वाडीत पाणी खोल झिरपून जायचं, तिथं कितीही ओता. इथं ते खडकावर साचून राहत होतं. एकाचं पाणी वेलांना हवं होतं आणि दोघांचं मिळून त्यांच्या मुळावर उठलं होतं. आणि ही गोष्ट तिला माहीत होती. त्या कोपऱ्यात तिनं इतकी वर्षं बेतानं पाणी दिलं होतं. ईर्षेपायी तिनं स्वतःच्या हातांनी वाडी बुडवायला घेतली होती. तिला भीती वाटली आणि भीतीहून जास्त लाज वाटली. धाकटी शेजारी बसून तिच्यासारखीच वाळूत बोटं घालत होती.

संध्याकाळी तिनं गवंड्याला कुजकं मूळ दाखवलं. तो म्हणाला, मग उद्यापासून पाणी बंद कर. सासू म्हणाली, ती बंद करील, तो कशाला करतोय? तिनं बंद केलं की त्याचं एकट्याचं पाणी राहिलं, म्हणजे वाडी त्याची. तिनं चालू ठेवलं तर वाडीच राहणार नाही. बाळ मधल्याच्या मांडीवर होतं आणि मधला त्याला आपलं गळू दाखवत होता.

"वेल जगले पाहिजेत," ती शेवटी म्हणाली. "कुणाचे ते मग बघू."

"आणि त्याचे झाले तर?" गवंड्यानं विचारलं.

"होऊ देणार नाही. पण आधी जगले पाहिजेत."

सकाळी ती डबे न घेता गेली. इंजिनवाला आला तेव्हा आसपासच्या वाड्यांवरची माणसं कामाला लागली होती. तिनं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आजपासून मी पाणी देत नाही, वेल कुजताहेत, तुम्हीही देऊ नका. तिनं मूळ त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते हातात घेऊन हुंगलं. तोही जन्मभर वाळूतच राबलेला होता, त्याला कळलं नाही असं होणं शक्य नव्हतं. पण सगळ्यांच्या देखत पाइप गुंडाळून परत जायचं, तेही बाळंतिणीच्या सांगण्यावरून, हे त्याला जमेना. शिवाय ती खेळी करतेय असा त्याला संशय होता. आज थांबावं आणि उद्या हिनं डबा ओतावा, मग काय?

"मी माझं काम करतो," तो म्हणाला आणि त्यानं हँडल मारलं.

"करा," ती म्हणाली. "तुम्ही घाला. मी काढते."

लोकांना वाटलं ती रागानं बोलली. ती खरंच काढायला बसली. इंजिनवाला पुढे गेला की ती मागच्या आळ्याशी बसायची, वेल एका हातानं उचलून धरायची, बुडाभोवतीची ओली वाळू ओंजळी-ओंजळीनं उपसून टोपलीत भरायची आणि खड्डे खणताना वर टाकलेल्या ढिगातली कोरडी वाळू आणून घालायची. थोरली टोपली ओढत नेऊन लांब ओतायची. मधल्याला कोरड्या वाळूवर नेमलं होतं. फळाखालचं भिजकं गवत काढून वाळकं घालायचं काम धाकटीचं, आणि ते तिनं इतक्या गंभीरपणे केलं की प्रत्येक कलिंगडाला ती उठवून परत झोपवत होती. उन्हं चढेपर्यंत एक ओळ जेमतेम झाली. वाडीत कितीतरी ओळी होत्या आणि संध्याकाळी इंजिन परत येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सासू आली. काठावरून तिला खाली आणायला दोन शेजाऱ्यांना हात द्यावा लागला, आणि उतरेपर्यंत तिनं त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. गुडघे मोडून बसता येईना, म्हणून ती पाय लांब करून वाळूत बसली आणि बसल्या जागेवरून हाताला लागतील तेवढी आळी उपसू लागली. बाळाची झोळी तिच्या शेजारच्या दोन काठ्यांना बांधली होती. एका हातानं ती झोळीला झोका द्यायची.

गवंडी मात्र कामावर जात होता, आणि त्यावरून घरात खटका उडाला. त्याचं म्हणणं असं की एका वेळी एकानंच वेडं व्हावं, दुसऱ्यानं मजुरी आणावी. मुद्दा बरोबर होता, म्हणून तिनं वाद घातला नाही. तिनं फक्त त्याच्यापुढे हात धरले. नखांच्या कडा सोलल्या होत्या आणि बोटांच्या टोकांना कातडी राहिली नव्हती. त्या हातांनी तिला बाळाच्या दुपट्याची गाठ मारता येत नव्हती. थोरली मारून द्यायची. गवंडी बराच वेळ ते हात धरून बसला. सकाळी त्यानं मुकादमाला निरोप पाठवला आणि फावडं, घमेली आणि पाण्याची पातळी बघायची नळी घेऊन वाळूत उतरला.

त्यानं आधी काहीच उपसलं नाही. नळी धरून तो वाडीभर फिरला, मग खालच्या बाजूला एक काठी रोवली आणि म्हणाला की खडकाला इकडे उतार आहे. घरात न्हाणीचं पाणी बाहेर काढतो तसं हे काढता येईल. त्यानं ओळींच्या मधून खडकापर्यंत चर घ्यायला सुरुवात केली. तो चर खालच्या ओळींमधून जात होता. त्या ओळी त्यात जाणार होत्या, आणि त्यांच्यावरची फळं आता चांगली धरली होती. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"खणा," ती म्हणाली.

तिनं स्वतः पुढे होऊन खालचे वेल उपटले. एकेका वेलाला तीन-चार फळं होती, आतून अजून पांढरी. ती तिनं बाजूला रचली आणि त्यांच्याकडे पाठ केली. दुपारी चराच्या तळाशी पाणी दिसायला लागलं. हळूहळू, बोटभर, पण ते वाहत होतं. मधल्यानं त्यात गवताची काडी सोडली आणि ती पुढे जाताना पाहून तो वेड्यासारखा ओरडत धावला. सासूनं विचारलं काय झालं, आणि कळल्यावर पदर डोळ्यांना लावला.

इंजिनवाला त्याच्या बांधावर उभा होता. वाडीत चार पोरं, एक म्हातारी, एक गवंडी आणि त्याची बायको, आणि सगळ्यांचे हात त्यानंच घातलेल्या पाण्यात. त्या संध्याकाळी इंजिन चालू झालं तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. पाइप त्याच्या वाड्यांमधून फिरला, बांधापर्यंत आला, आणि तिथं थोडा वेळ पाणी नुसतंच वाळूत पडत राहिलं. मग तो मागे वळला. दुसऱ्या दिवशी पाइप बांधापर्यंतही आला नाही. त्यानं हक्क सोडला की नुसतं पाणी बंद केलं, हे कुणालाच समजलं नाही. नवीन पानं फुटायला लागली तेव्हाही ती रोज बांधाकडे पाहायची. इतकं करून माल त्याचा ठरला तर काय, हा विचार ती कुणापाशी बोलली नाही. निम्मा डबा, पाळीपाळीनं, मोजकं पाणी देत राहिली. बाळ आता मान धरू लागलं होतं.

नदीला पाणी येण्याआधी माल निघायला हवा, म्हणून व्यापाऱ्याचा टेम्पो काठावर येऊन उभा राहिला. वाड्यावाड्यांवर कलिंगडांचे ढीग लागले. बाळंतिणीचा ढीग दर वर्षीपेक्षा लहान होता, पण फळ भरलेलं होतं आणि टिचकी मारली की नाद बरोबर येत होता. व्यापारी जुना, नदीचा कायदा त्याला पाठ. आल्या आल्या त्याच्या कानांवर सगळी हकीगत गेली होती. तो तिच्या ढिगापाशी आला तेव्हा आजूबाजूची माणसं काम टाकून जवळ सरकली. इंजिनवालाही आला. गवंडी बायकोच्या बाजूला उभा राहिला आणि त्याचे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना.

"वाडी कुणाची?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"माझी," ती म्हणाली.

"पाणी कुणी दिलं?"

सासूनं तोंड उघडलं होतं. बाळंतिणीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं. मी दिलं, असं म्हणता आलं असतं. सुरुवातीला तिनंच दिलं होतं, शेवटी तिनंच दिलं होतं. पण ते निम्मंच खरं होतं, आणि तिला निम्म्या खऱ्यावर वाडी नको होती.

"वेल सुकायला आले तेव्हा इंजिनवाल्या भाऊजींनी दिलं. नंतर आम्ही दोघांनी दिलं, आणि वेल कुजायला आले. मग मी देणं बंद केलं, ते देत राहिले," ती म्हणाली. "मी ते काढलं."

मागे कुणीतरी हसलं आणि मधेच गप्प झालं. पाणी काढणाऱ्याचं काय करायचं, हे नदीच्या कायद्यात कुठं नव्हतं. व्यापाऱ्यानं डोकं खाजवलं आणि इंजिनवाल्याकडे वळला. हिच्याच तोंडून सगळं आलं आहे, तो म्हणाला, कायद्यानं तुझं होतं. बोल, तुझं म्हणतोस का?

इंजिनवाल्यानं हो म्हटलं असतं तर त्याला खोटारडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो ढिगाकडे पाहत होता. मग त्यानं बाळंतिणीच्या हातांकडे पाहिलं. बोटांना नवी, गुलाबी कातडी आली होती.

"मी घातलेल्या पाण्यानं त्या वाडीत काही उरलं नसतं," तो म्हणाला. "हे जे दिसतंय ते तिनं माझ्या हातून वाचवलेलं आहे. वजन कर तू. आणि पुढच्या सालीही इथं हीच उभी राहणार, कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

व्यापाऱ्यानं काटा पुढे ओढला. गवंडी पहिलं फळ उचलायला वाकला, पण तिनं त्याला बाजूला केलं, बाळ त्याच्या हातात दिलं आणि स्वतः वाकली. ढिगातलं सगळ्यात मोठं कलिंगड तिनं पोटाशी धरून उचललं. कंबरेत कळ आली, तरी तिनं ते खाली ठेवलं नाही. ती रडत होती, आणि दोन्ही हात फळाला असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. तशीच चालत जाऊन तिनं ते काट्यावर ठेवलं आणि दुसरं आणायला वळली.